कुकरची रिंग आणि टॅपेटचं पॅकिंग

कुकरची रिंग कडक झाली की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. शिट्टी होत नाही, झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसत राहते, डाळ तशीच राहते आणि गॅस मात्र जळतो. मग आपण काय करतो? रिंग काढून थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवतो, दोन-चार दिवस ढकलतो आणि बाजारात गेलं की नवी आणतो. त्यासाठी कुणी नवा कुकर घेत नाही. ‘तुमचा कुकर कामाला आलाय, दहा हजार खर्च आहे,’ असं कुणी म्हटलं तर आपण त्याच्या तोंडावर हसू.

गाडीच्या इंजिनावरही असंच एक झाकण असतं आणि त्या झाकणाखाली अशीच एक रिंग असते. फरक इतकाच, की तिथून वाफ नाही, ऑइल गळतं. आणि तिथे कुणी दहा हजारांचा आकडा सांगितला की आपण हसत नाही. निमूटपणे घरी येतो आणि यंदाची भिशी कुणाची आहे ते आठवायला लागतो.

मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, दोघी मिळून डबे देतो. चिपळूणला घरी स्वयंपाक होतो आणि सकाळी साडेदहाच्या आत चाळीस-बेचाळीस डबे लोटे एमआयडीसीत पोचवायचे असतात. त्यासाठी आमची २०१२ची ओम्नी आहे. गाडी मी चालवते. जाऊबाई शेजारी बसतात, मांडीवर आमटीची किटली धरून! ही व्हॅन बनवणं कंपनीने २०१९ साली बंद केलं, पण आमच्यासारख्या गावांतून ती अजून भाजी, गॅस सिलिंडर, मंडपाचं सामान, काय वाट्टेल ते वाहते आहे. २०२१च्या जुलैतल्या पुरात अर्ध्या चिपळुणाच्या गाड्या पाण्यात होत्या. आमची त्या रात्री उंचावर राहणाऱ्या मामेबहिणीच्या दारात उभी होती म्हणून वाचली. तेव्हापासून जाऊबाई तिला घरची लक्ष्मीच म्हणतात.

ओम्नीचं इंजिन पुढे नाकाडात नसतं, ते पुढच्या सीटांच्या खाली असतं. म्हणजे आपण अक्षरशः इंजिनावर बसलेलो असतो. त्यामुळे त्याला काही झालं की पहिली खबर आपल्या नाकाला लागते. गेल्या पावसाळ्यात परशुराम घाट चढून वर आलं की करपल्यासारखा वास यायला लागला. जाऊबाईंना आधी वाटलं, आमटीच लागली! त्यांनी किटलीचं झाकण काढून दोनदा वास घेतला. लोट्याला गाडी थांबवली की वास वाढायचा आणि सीटच्या फटीतून निळसर धुराची एक बारीक रेघ दिसायची. रात्री गाडीखाली जुना पेपर पसरून ठेवला, तर सकाळी त्यावर दोन काळपट तपकिरी थेंब.

इथे जरा थांबून सांगते, कारण गाडीखालचा प्रत्येक थेंब काही ऑइलचा नसतो. एसी लावून आल्यावर पडणारं स्वच्छ पाणी, ते काही नाही. हिरवट, गुलाबी असं रंगीत पाणी असेल तर ते रेडिएटरचं कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, बुळबुळीत ओल दिसली तर ब्रेक ऑइल असू शकतं. तसं असेल तर गाडी जागची हलवायचीसुद्धा नाही, मिस्त्रीला घरी बोलवायचं. आणि तपकिरी, काळं, बोटाला चिकटणारं, ते इंजिन ऑइल. पेपर पांढरा असला की हे सगळं सकाळी नीट वाचता येतं. फुकटातला रिपोर्ट!

तर आमचं इंजिन ऑइल होतं. गाडी एका गॅरेजला नेली. गॅरेजचं नाव सांगत नाही. त्या मुलाने सीट उचलली, वाकून पाहिलं आणि म्हणाला, “टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय.” बरोबरच होतं ते. त्याने पॅकिंग बदललं, पैसे घेतले, आम्ही आलो. तीन आठवड्यांत पुन्हा तोच वास, आणि या वेळी पेपरवर चार थेंब. पुन्हा नेली. या वेळी त्याने ऑइल भरायचं बूच उघडलं आणि आतल्या बाजूला लागलेला पांढरट, लोण्यासारखा थर मला दाखवला. “हे बघा, पाणी ऑइलमध्ये जातंय. हेड गॅस्केट गेलंय. खाली चेंबरपण ओला आहे. इंजिन उतरवावं लागेल. दहा-बारा हजार धरा, आठ दिवस गाडी इथे राहील. साहेबांना फोन करायला सांगा, मी त्यांना समजावतो.”

साहेबांना! आमच्या घरात गाडीचं लायसन दोघांकडे आहे, पण ऑइल कुठल्या बाजूने घालतात हे विचारलं तर हे माझ्याकडे बघतात. पण गॅरेजमध्ये बाई उभी असली की तिच्या डोक्यावरून पलीकडे कुणीतरी पुरुष शोधायचा, ही जुनीच रीत आहे. त्या मुलाने आम्हाला फसवलंच, असं मी म्हणणार नाही. त्याला खरंच तसं वाटलं असेल. पण आठ दिवस गाडी नाही म्हणजे आठ दिवस डबे नाहीत. डबे आठ दिवस बंद राहिले तर माणसं कँटीनची सोय लावून घेतात, ती परत येत नाहीत. जाऊबाई घरी येऊन गप्पच होत्या. रात्री म्हणाल्या, “अगं, माझ्या दोन बांगड्या आहेत.” मी म्हटलं, “ताई, आधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवू. डॉक्टर ऑपरेशन सांगतो तेव्हासुद्धा आपण दुसऱ्याला दाखवतोच ना!”

खेर्डीकडे एक जुने मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आता हात थोडे थरथरतात म्हणून जड कामं मुलाला देतात, पण नजर पक्की. त्यांनी आधी गाडीला हातच लावला नाही, प्रश्न विचारत बसले. रेडिएटरचं पाणी कमी होतं का? नाही. गाडी गरम होते का, काटा वर जातो का? नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो का? नाही. मग त्यांनी ऑइलची पट्टी ओढली, फडक्यावर पुसली आणि माझ्यासमोर धरली. “वहिनी, हे बघा. पट्टीवरचं ऑइल काळं आहे, पण साफ आहे. पाणी खरंच आत गेलं असतं तर इथं चहासारखं दुधाळ दिसलं असतं.”

आणि बुचावरचा तो लोण्याचा थर? त्याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. पावसाळ्यातली दमट हवा आणि बाजारातल्या छोट्या छोट्या फेऱ्या. भाजी आणायला पाच मिनिटं गाडी काढली, परत लावली, की इंजिन पुरतं तापत नाही. आतली ओल उडून जात नाही आणि वरच्या थंड झाकणाला धरते, ऑइलशी घुसळली जाते. कोकणात श्रावणात हे कितीतरी गाड्यांच्या बुचाखाली दिसतं. पट्टीवरचं ऑइल साफ आणि रेडिएटरचं पाणी जागच्या जागी असेल, तर बुचावरच्या लोण्याला घाबरायचं कारण नाही. पण पट्टीवरही दुधाळ दिसलं आणि पाणी रोज घालावं लागत असलं, तर मात्र तो मुलगा म्हणाला तेच खरं. मग गाडी चालवायची नाही. हा फरक मला कुणी आधी सांगितला असता तर जाऊबाईंची एका रात्रीची झोप वाचली असती.

आता राहिलं चेंबरचं. म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारी परात असते ती. तीही ओली होती, हे खरं होतं. पण ऑइल काय करतं? उतरतं. सगळ्यात वरचं झाकण गळायला लागलं की ऑइल इंजिनाच्या अंगावरून ओघळत खाली येतं आणि थेंब तळाशी लोंबतो. वाऱ्याने उडून आणखी चार ठिकाणी लागतं. बघणाऱ्याला सगळंच इंजिन गळतंय असं वाटतं. छपराचं एक कौल फुटलं की पाणी वाशावरून वाहत भलत्याच खोलीत ठिबकतं, तसंच हे. म्हणून गळती नेहमी वरून शोधत यायचं.

चाचांनी ती शोधली कशी, हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. संध्याकाळी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, ब्रश आणि थोड्याशा डिझेलने त्यांच्या मुलाने सगळी काळी मळी काढली. पूर्वी हे रॉकेलने करत. आता रॉकेल कुठे मिळतंय! मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून इंजिन रात्रभर कोरडं होऊ दिलं. सकाळी चाचा म्हणाले, “घरून पावडरचा डबा आणा.” कसली पावडर? तोंडाला लावायची! ती टॅपेट कव्हरच्या सांध्यावर, त्याच्या खालच्या सांध्यावर, चेंबरच्या कडेला, सगळीकडे हलकेच भुरभुरली. हवा आत जाते त्या तोंडाशी तेवढी नाही. मग मी गाडी घाटाच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणली. सीट उचलून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात आणि सायलेन्सरकडच्या बाजूला पावडरचा चिखल झालेला, ओल्या हळदीसारखा. त्याखाली हेडचा सांधा होता, तिथली पावडर पांढरीशुभ्र. चेंबरचीही तशीच. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. बांगड्यांचा विषय तिथेच संपला.

हे टॅपेट कव्हर म्हणजे काय, तर इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. त्याच्याखाली व्हॉल्व्ह उघडझाप करणारी यंत्रणा असते, कॅम आणि रॉकर. ती सतत ऑइलने न्हात असते. झाकण आणि इंजिन यांच्या मध्ये पॅकिंग. ते पूर्वी बुचाच्या लाकडाचं, म्हणजे कॉर्कचं असे, आता बहुतेक रबराचं असतं. इंजिन रोज तापतं, रोज निवतं. काही वर्षांत रबर कडक आणि चपटं होतं, त्याची परत फुगायची ताकद जाते. मग बारीक फट पडते. ती फट सायलेन्सरच्या बाजूला असली की ऑइल तापलेल्या पाइपावर पडतं आणि करपल्याचा वास येतो. हा नुसता वासाचा प्रश्न नाही. लालबुंद तापलेल्या पाइपावर ऑइल साचत राहणं आगीच्या दृष्टीनेही वाईटच. शिवाय ऑइल कमी होत गेलं आणि कुणी पट्टी बघितलीच नाही, तर मात्र इंजिन खरोखर कामाला येतं. म्हणजे थेंब छोटा म्हणून चालढकल करायची नाही, आणि थेंब दिसला म्हणून दहा हजारही मोजायचे नाहीत.

काम करताना मी शेजारी स्टूल टाकून बसले. चाचांचा मुलगा आधी जरा अवघडला, मग सांगायला लागला. इंजिन थंड. नळ्या आणि वायरी काढताना कुठली कुठे होती त्याचा मोबाइलवर फोटो काढला. बोल्ट थोडे थोडे करून सगळे सैल केले. झाकण चिकटलं होतं, तर त्याने लाकडी ठोकळ्याने बाजूने हलके टोले दिले. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं नाही. “खाली ॲल्युमिनियम आहे, वहिनी. एक ओरखडा पडला तर नवं पॅकिंगही तिथून गळणार.”

झाकण निघालं आणि मागच्या कामाची सगळी कहाणी समोर आली. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनचा जाड थर लावलेला, केकवर क्रीम लावतात तसा! आणि बोल्ट इतके आवळलेले, की एका कोपऱ्यात पॅकिंग बाहेर ढकललं जाऊन चिरलं होतं. गळतंय ना, मग चोपडा आणखी, आवळा आणखी, असा तो हिशोब. पण रबराला दाबायचं असतं, चिरडायचं नसतं. जास्तीचं सिलिकॉन नुसतं वाया जात नाही, ते आत सुटून पडतं. त्याचे तुकडे खाली चेंबरमधल्या ऑइलच्या जाळीत जाऊन अडकले तर इंजिनाला ऑइलच मिळणार नाही. सिंकच्या जाळीत भाताची शितं अडकल्यासारखं.

आतल्या यंत्रणेवर स्वच्छ सुती फडकं पसरून जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं. फडकं यासाठी, की कचरा आत पडू नये. कॉटन वेस्टचा बोळा वापरायचा नाही, त्याचे धागे आत राहतात. मग दोन्ही बाजू थिनरच्या फडक्याने पुसून अगदी कोरड्या केल्या. ऑइलचा ओशटपणा राहिला तर पॅकिंग घसरतं. झाकण काचेच्या तुकड्यावर पालथं ठेवून सपाट आहे ना पाहिलं. होतं.

इथवर सगळं मला अपेक्षित होतं. पण चाचांनी मग जे केलं, ते पहिल्या गॅरेजमध्ये कुणी केलंच नव्हतं. टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरच्या डब्याकडे एक रबरी नळी जाते, ब्रीदर पाइप म्हणतात तिला. चाचांनी ती काढून तोंडात धरली आणि फुंकर मारली. हवा जाईना! नळीत तोच पांढरट लोण्याचा आणि काळ्या मळीचा गोळा बसला होता.

आता पुन्हा कुकरकडे या. शिट्टीच्या खालच्या नळीत डाळीचं टरफल अडकलं तर काय होतं? वाफेला जायला वाट नाही, मग ती रिंगमधून फुसफुसते, नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. तुम्ही रिंग नवी घातलीत तरी उपयोग शून्य, कारण दोष नळीचा. इंजिनातही तसंच. पिस्टनच्या बाजूने थोडासा गॅस कायमच खाली निसटत असतो, नव्या गाडीतसुद्धा. त्याला बाहेर पडायला ही श्वासाची वाट ठेवलेली असते. तो पुन्हा हवेबरोबर इंजिनात जळून जातो. वाट बुजली की आत दाब वाढतो. आणि दाबाला सगळ्यात कच्चा सांधा कुठला सापडतो? टॅपेटचं पॅकिंग! म्हणून तीन आठवड्यांत नवं पॅकिंगही रडायला लागलं होतं. पॅकिंग बदललं ते बरोबरच होतं, पण रोग नळीत होता.

बऱ्याच गाड्यांत या वाटेवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो काढून कानाशी हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजायला हवा. वाजला नाही तर आत अडकला आहे. चाचांनी नळी बदलली, व्हॉल्व्ह धुऊन पुन्हा वाजवून दाखवला. जाऊबाईंनीही तो हातात घेऊन वाजवून बघितला, दोन-तीनदा.

नवं पॅकिंग कोरडंच बसवलं, खाचेत बोटाने दाबत दाबत, कुठे पीळ पडला नाही ना बघत. काही इंजिनांत दोन भाग जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सिलिकॉनचा मुगाएवढा ठिपका द्यायला कंपनीच सांगते. तेवढाच, बाकी काही नाही. बोल्टखालचे रबरी वायसरही नवे घातले. तेही पॅकिंगइतकेच म्हातारे झालेले असतात, पण स्वस्त म्हणून कुणी बदलत नाही आणि मग बोल्टाच्या बुडातून ऑइल पाझरतं. बोल्ट आधी हाताने फिरवून बसवले, मग पान्याने, मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना, समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे. करंजीची कड आपण एका टोकाला घट्ट दाबत बसत नाही ना, सगळीकडून सारखी दाबतो. तसंच.

आणि किती आवळायचे? हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. प्रत्येक गाडीचा आकडा कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो, पण या झाकणाच्या बोल्टांना बहुतेक छोट्या गाड्यांत एक किलोग्रॅम-मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी जोर लागतो. म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला एक लिटर दुधाची पिशवी लटकवली तर जेवढा जोर पडेल तेवढाच. चाकाच्या नटाला याच्या कितीतरी पट लागतो. म्हणून चाकाचा नट पायाने आवळणारा माणूस इथेही तसाच जोर लावायला लागला तर त्याला थांबवायचं. नाहीतर पॅकिंग चिरतं, आटे जातात, झाकण पत्र्याचं असेल तर वाकतं आणि प्लास्टिकचं असेल तर तडकतं. चाचांचा शब्द मला आवडला. “मनगटाने आवळायचं, खांद्याने नाही.”

मग गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवली आणि बॅटरीने सगळी कड पाहिली. चालू इंजिनाजवळ वाकताना पदर खोचलेला, ओढणी काढलेली आणि वेणी बांधलेली हवी. फिरणारा पट्टा कुणाचीही वाट बघत नाही. ऑइलची पट्टी बघून कमी झालेलं भरलं, खुणेपर्यंतच. ‘थोडं जास्तच घाला’ हा आपला स्वयंपाकघरातला स्वभाव इथे नको. जादा ऑइलही गळती वाढवतं. पॅकिंग, वायसर, नळी, मजुरी सगळं धरून बाराशेच्या आत आटपलं. गाडी दुपारी तीनला दारात होती. त्या दिवशी सकाळचे डबे दिराने रिक्षाने पोचवले होते, एकही चुकला नाही. दोन दिवस थोडा वास आला, पाइपावर आधी सांडलेलं ऑइल जळत होतं त्याचा. मग तोही गेला. पेपर अजून अधूनमधून टाकते. कोरा असतो.

तुमच्याकडे चारचाकी नसेल आणि स्कूटी असेल, म्हणून हे वाचायचं सोडलं नसेल अशी आशा आहे. स्कूटीच्या इंजिनालाही असंच झाकण आणि असंच रबर असतं. आणि तिचं पोट लहान. आमच्या ओम्नीत तीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं, एकशे दहा सीसीच्या स्कूटीत पाऊण लिटरच्या आसपास. त्यामुळे तेवढीच गळती स्कूटीला फार लवकर महागात पडते. स्कूटी मेन स्टँडवर, सपाट जागी, इंजिन थंड असताना पट्टी बघायची. महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे, गॅस सिलिंडरची तारीख कॅलेंडरवर लिहितो तिथेच ही लिहा. नव्या चारचाकी गाड्यांत आणखी एक प्रकार असतो. प्लग खोल विहिरीसारख्या भोकात बसवलेले असतात आणि त्या विहिरींनाही याच झाकणाची रबरं असतात. ती गेली की ऑइल बाहेर दिसत नाही, प्लगच्या विहिरीत साठतं आणि गाडी झटके देते. तेव्हा नुसते प्लग बदलून पाठवलं तर झटके थोड्या दिवसांत परत येतात. पॅकिंग घेताना प्लगची रबरं सेटमध्ये आहेत ना, हे दुकानातच विचारून घ्यायचं.

गॅरेजमध्ये गेल्यावर मी आता तीनच गोष्टी म्हणते. आधी पुसून दाखवा, कुठून गळतंय ते मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या. पॅकिंग बदलताना ब्रीदरची नळी फुंकून बघा. आणि काढलेलं जुनं पॅकिंग मला परत द्या. पहिल्यांदा लोक चमकतात, मग काम जरा सांभाळून करतात, असा माझा अनुभव आहे. ‘साहेबांना पाठवा’ हे वाक्य तर तेव्हापासून ऐकलेलं नाही.

परवा आमच्या आळीतली शिवणक्लासवाली तिची स्कूटी घेऊन आली. इंजिनाखाली ओलं दिसतंय आणि कुणीतरी तिला पूर्ण इंजिनाचा खर्च सांगितलाय. जाऊबाईच पुढे झाल्या. म्हणाल्या, “आधी पुसून ठेव आणि उद्या सकाळी येताना पावडरचा डबा घेऊन ये.”